बाराचा भोंगा

आपत्ती निवारण कचेरी टेकाडावर होती, कचेरीच्या गच्चीवर भोंगा आणि भोंग्याच्या राखणीला भोंगेकाका. पूर, आग, युद्ध, काहीही आलं तरी गावाला सावध करायचं काम त्यांचं. संकटाची वाट बघायचा पगार मिळतो, असं लोक चिडवत. काका म्हणत, "अहो, मला काम लागलं तर वाटोळं तुमचंच होईल!"

भोंगा रोज तपासायचा, पण वेळ बदलून, असा नियम होता. काकांचा स्वभाव पडला भिडस्त. नदीकाठच्या आळीतल्या बायका म्हणाल्या, एकच वेळ ठेवा, चुलीवरचं उतरवायला बरं पडेल. त्यांत काकांची थोरली बहीण आघाडीवर. झालं! भोंगा रोज दुपारी बाराला वाजू लागला. त्या आवाजावर दुकानदार शटर ओढत, मास्तर खडू खाली ठेवत, ताई भाजी उतरवे. देशावरच्या संकटाचं यंत्र आळीचं जेवणाचं घड्याळ होऊन बसलं, आणि काकांना त्याचा कोण अभिमान!

एक दिवस बारा वाजायच्या बेताला फोन खणखणला. वरच्या धरणाचा दरवाजा तुटला होता. तासाभरात पाणी आळीत शिरणार होतं.

"भोंगा वाजवा!" फोनवरून कचेरीचे साहेब ओरडले.

काकांनी बटणावर बोट ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजतच होते. आता भोंगा वाजला की आळी काय करणार? हात धुऊन जेवायला बसणार! जास्त वेळ वाजवत ठेवला तर म्हणणार, काका आज रंगात आलेत. ताई तर जागची हलायची नाही. आपल्याच भिडेपायी आपण तिला बुडवतोय, या विचाराने त्यांना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. त्यांनी बोट काढून घेतलं.

"वाजवला का?"

"नाही साहेब. आज नाही वाजवला तरच लोक येतील."

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे," म्हणून काकांनी फोन ठेवला.

बारा वाजून गेले. खाली एकेक दार उघडलं, माणसं रस्त्यावर आली, वर बोटं दाखवू लागली. बघता बघता अख्खी आळी भांडायच्या तयारीने टेकाड चढली. सगळ्यांत पुढे, गुडघ्यांचं निमित्त सांगून कधी वर न आलेली ताई, धापा टाकत, हातात पळी.

"जिवंत आहेस होय रे मेल्या?" म्हणत ती रडायलाच लागली. "भोंगा वाजला नाही, मला वाटलं तुझंच काही झालं!"

काकांनी तिला खुर्चीत बसवलं, धरणाचं सगळ्यांना सांगितलं आणि मग भोंगा वाजवला. तरणी माणसं धावत खाली गेली आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून घेऊन आली.

पाणी आलं. ताईचं स्वयंपाकघर खिडकीपर्यंत बुडालं. ती वरून बघत राहिली.

"उद्यापासून वेळ बदलत जाणार हं, ताई," काका हळूच म्हणाले.

"बदल बाबा. पण वाजवत जा रोज," ती गुडघे चोळत म्हणाली. "तू आहेस एवढं कळलं की पुरे."