आत्यांचे दोन कंगवे

माझ्या बायकोच्या आत्यांनी आयुष्यभर एकच देव मानला, आणि तो माणसाच्या मांडीत राहतो. घरी गणपती येतो, त्याचं सगळं साग्रसंगीत होतं. पण खरी भक्ती स्नायूवर. कांदिवलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर कॉलेज सुटलं, शिकवणं सुटलं नाही. विद्यार्थ्यांच्या जागी आम्ही आलो, आणि आम्हाला नापास होऊन सुटायचीही सोय नव्हती.

त्यांच्या पर्समध्ये कायम दोन कंगवे असतात, आणि त्यातला एकही केसांसाठी नसतो. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या आधी ते कंगवे बाहेर आले. एकाचे दाते दुसऱ्याच्या दात्यांत घालून त्यांनी ते माझ्या नाकासमोर सरकवले. "स्नायूच्या पेशीत असे जाडे आणि बारीक धागे असतात. ओळीने मांडलेले, म्हणून तर पट्टे दिसतात. आता सांग, स्नायू आकसला तेव्हा कुठला कंगवा आखूड झाला?" मी घाबरून डावा म्हणालो. "कुठलाच नाही! एकमेकांत सरकले. संसारातही कुणी आखूड व्हायचं नाही, कळलं? सरकायचं." माझ्या वडिलांना स्थळ तिथेच पसंत पडलं, आई मात्र परतताना स्वतःच्या पर्समधला कंगवा काढून उलटसुलट बघत होती.

सोसायटीच्या रस्सीखेचीत त्यांनी बायकांचा संघ उतरवला. जाड्या धाग्याला असंख्य इवले हात असतात, ते बारीक धागा धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात, पण सगळे एकदम कधीच सोडत नाहीत, हे त्यांनी गच्चीवर सर्वांकडून घोटून घेतलं. सामन्याच्या दिवशी आत्ता कुणी धरायचं आणि कुणी सोडायचं यावर आमच्या बायकांत चर्चा सुरू झाली, आणि तेवढ्यात बी विंगने सगळ्यांना दोरासकट पलीकडे नेलं. "सिद्धांत बरोबर होता," आत्या माती झटकत म्हणाल्या, "पेशी फार बोलक्या निघाल्या."

एकदा शेजारी कुणी वारलं म्हणून भेटायला गेलो. "अंग किती ताठ झालं होतं हो," असं कुणीतरी हळहळलं आणि आत्यांमधली शिक्षिका जागी झाली. "होणारच. ते इवले हात धागे धरून बसतात, आणि सोडायला लागणारी शक्ती पेशीत उरलेली नसते. धरणं सोपं असतं. सोडायलाच ताकद लागते." रडणारी माणसं रडायची थांबून ऐकू लागली, म्हणजे भेटायला जाण्याचा हेतू तसा साध्य झाला.

मग आत्या बाथरूमच्या दारात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, आत सळई पडली, आणि पलंगावर पडून पडून ती देवाची मांडी माझ्या दंडाएवढी झाली. त्यांच्या मुलाने जाहीर केलं, "आई, आता खाली बसणं बंद, जिना बंद. दिवसरात्र बाई ठेवतोय." नारळ खोवायची विळीही त्याने माळ्यावर टाकली. मोदकांचा नारळ पाटावर बसून आत्यांनीच खोवायचा, ही त्या घरातली जुनी रीत. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. आई पडल्याचा आवाज त्याने ऐकला होता. पण आत्या भडकल्या. "काम नाही असं कळलं की पेशी आतले धागेच मोडून टाकते. मला जपून जपून संपवणार आहेस तू! चतुर्थीला मी पाटावर बसणार. एकटीने उठले नाही, तर आण तुझी बाई."

त्या दिवसापासून ओटा धरून उठबस सुरू झाली. आधी उंच खुर्ची, मग स्टूल, मग पाट. दर खेपेला स्वतःच्या मांडीला मालवणीतली एक सणसणीत शिवी.

चतुर्थीच्या सकाळी विळी माळ्यावरून उतरली. "बसणं म्हणजे पडणं नव्हे, बेताबेताने सोडणं," असं म्हणत आत्या हळूहळू खाली गेल्या. नारळ खोवून झाला. आता उठायचं होतं. मुलगा दारात तोंड फिरवून उभा राहिला. आत्यांनी बरा पाय मुडपला, जोर लावला, मांडी थरथरायला लागली, आणि मी न राहवून त्यांचा दंड पकडला.

"सोड."

"आत्या, पडाल तुम्ही!"

"सोड रे मेल्या! धरूक काय, कोणय धरता!"

मी सोडला. बोटं उघडायला एवढा जोर लागतो हे मला तेव्हा कळलं. आत्या डुगडुगल्या, थांबल्या आणि उभ्या राहिल्या. खोबऱ्याने माखलेले हात कमरेवर. मुलगा रडत होता. "नाक पूस आणि गूळ चिर," त्या म्हणाल्या.

याला काही वर्षं झाली. बाई आलीच नाही. यंदाही पाट मांडला, नारळ खोवून झाला, आणि मी शहाण्यासारखा लांब उभा राहिलो. आत्यांनी एकदा जोर करून पाहिला, पुन्हा पाहिला, मग माझ्याकडे न बघताच हात वर केला. "बघतोस काय, धर. आणि गावभर सांगत फिरू नको." मी धरला. त्या उठल्या. मुलगा खाली मान घालून गूळ चिरत होता, त्याने वर पाहिलं नाही. आता त्या 'सोड' म्हणतील म्हणून मी थांबलो. त्या म्हणाल्या नाहीत. मीही सोडला नाही.