वत्सलाताईंच्या कपातले चिंचोके

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि सासूबाईंजवळ तर नाहीच — त्यांना कळलं असतं तर त्यांनी पुन्हा माझं तोंड बघितलं नसतं. आता त्याही नाहीत. मी रिटायर होऊन नांदेडला लेकाकडं राहते, आणि का कुणास ठाऊक, तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. ऐकून तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, कीबोर्डची तर गोष्ट! हो, कीबोर्डचीच आहे. मीही किती वर्षं स्वतःला हेच सांगत आले — कुणाचं घर थोडंच जाळलं मी?

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या सरकारी ऑफिसात तेव्हा दुसरं कामच नव्हतं — कुठल्या गावाला टँकर, कुठली विहीर ताब्यात घ्यायची, दिवसभर तेच टाइप करायचं. कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही चौघं. वत्सलाताई सगळ्यांत थोरल्या. किल्लारीकडच्या, कपाळाला विभूती, आवाज खणखणीत. त्यांनी हाताला धरून टायपिंग शिकवलेले रफिकभाई, लोह्याचा गोविंद, आणि मी.

आमच्या गल्लीत नळ कधीच कोरडा पडला होता. वत्सलाताईंच्या दारातला बोअर तेवढा चालू. आमच्या सासूबाई घागर घेऊन टँकरच्या रेटारेटीत पडल्या, हे ताईंच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीला दोन कॅन लावून बाई आमच्या दारात हजर. मग रोजच. मी मागितलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, अशी माणसं देवानं मोजकीच घडवलीत. ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं ना? नाही वाटायचं. दिवसभर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचं आणि घरी वरणातसुद्धा त्यांचंच पाणी. कुणाचं एवढं घेत राहिलं की माणूस त्याचा — कसं सांगू — राग राग करायला लागतं. निदान मी तरी करायला लागले.

एक दिवस मी केस धुऊन ऑफिसला गेले. वत्सलाताई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सुरेखा आज लई चकाकायली. माझा बोअर आटवती का काय गं?"

सगळे हसले. मीही हसले. त्यांच्या पोटात काही नव्हतं, त्या सगळ्यांचीच अशी खेचायच्या. रफिकभाईंच्या टकलाची तर रोज आरती व्हायची. पण मला ते वाक्य जिव्हारी लागलं. घरी जाऊन मी त्यांच्या कॅनकडं बघत नुसती बसून राहिले.

त्याच आठवड्यात कीबोर्ड आले. साहेब म्हणाले, जुने सगळे बदलायचेत, दुकानदारानं चार तऱ्हेचे नमुने दिलेत, तुम्ही वापरून बघा, तुमचं ज्याच्यावर एकमत होईल तोच घेऊ. एक जुन्या धाटणीचा, उंच बटणांचा, टकटक वाजणारा. एक अगदी चपटा, आवाज न करणारा — त्याला आम्ही 'पापड' म्हणायचो. एक बिनवायरचा, त्यातले सेल कुणीतरी घरच्या रिमोटला पळवणार, असं रफिकभाईंचं म्हणणं. आणि एक मधोमध वाकलेला, त्याला बघून गोविंद म्हणाला, ह्याला आधी हाडाच्या डॉक्टरकडं न्या. आम्ही आळीपाळीनं सगळ्यांवर काम केलं. त्या भयाण उन्हाळ्यात तेवढीच काय ती गंमत होती.

मतं गोळा करायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. तोंडावर विचारलं तर लोक एकमेकांच्या भिडेनं बोलतात, म्हणून मी शक्कल काढली. घरी चिंचा फोडल्या होत्या, त्यातले चिंचोके आणले. प्रत्येक कीबोर्डपुढं एक कप, कपावर बशी झाकलेली. प्रत्येकाला मूठभर चिंचोके. एकेकट्यानं खोलीत जायचं, जो जेवढा आवडला तेवढे त्याच्या कपात टाकायचे. सगळ्यांना कल्पना फार आवडली. साहेबांनीसुद्धा शाबासकी दिली.

वत्सलाताईंचा हात टाइपरायटरवर घडलेला, जड. पापडावर त्यांचं एक अक्षर दोनदा-तीनदा उमटायचं, बोट उचलायच्या आत पुढचं दाबलं जायचं. त्यांनी आडपडदा न ठेवता सगळ्यांना सांगितलं, "बाबांनो, ह्या पापडावर माझ्या हातून काम व्हायचं न्हाई. नोकरीची शेवटची वर्षं हायत, तेवढी इज्जतीनं काढू द्या." सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

आता सांगतेच. किती वेळ फिरत बसणार?

सगळ्यांचं टाकून झालं, ते चहाला गेले. मी एकटीनं बशा उचलून बघितल्या. टकटक वाजणाऱ्याचा कप काठोकाठ भरलेला. पापडाच्या कपात तळाला दोन-चार. बाकीचे दोन कप रिकामे. गोविंदला बिनवायरचा आवडला होता, हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यानंसुद्धा आपली मूठ ताईंसाठीच रिकामी केली होती. मला काय वाटलं असेल? आनंद? मला वाटलं — हिच्यासाठी सगळे, आणि माझ्यासाठी कोण? बस्स, एवढंच. मी तो कप उचलला आणि पापडाच्या कपात ओतला. सगळे नाही ओतले. ताईंची स्वतःची एक मूठ आणि वर थोडे, एवढे तळाशी ठेवले. का ठेवले, ते मला तेव्हाही माहीत होतं. माझे स्वतःचे चिंचोके मी कुठंच टाकले नव्हते, ते पर्समध्ये तसेच होते.

मग साहेबांना बोलावलं, सगळ्यांना बोलावलं, आणि सगळ्यांदेखत बशा उचलल्या. साहेब म्हणाले, चला, निकाल स्पष्ट आहे. रफिकभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ते म्हणाले, "बाई, कसम खाऊन सांगतो, मी तुमच्याच कपात टाकले."

"सगळे तसंच म्हणायलेत, रफिक," वत्सलाताई म्हणाल्या. "मग तिकडचे कुणाचे?"

गोविंद रफिकभाईंकडं बघत होता, रफिकभाई गोविंदकडं. माझ्याकडं कुणीच बघितलं नाही.

संध्याकाळी जिन्यात त्यांनी माझा हात धरला. माझ्या मुठीवर जास्तीचे तळाशी राहिले ते तुझेच ना, म्हणून विचारलं. मी म्हणाले, हो ताई. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

नवे कीबोर्ड आले. ताईंचा जुना मीच उचलून स्टोअरला जमा केला. पुढं जे व्हायचं तेच झालं — चुका, पुन्हा टायपिंग, साहेबांचं बोलणं, तेही सगळ्यांसमोर. पण खरं सांगू का, त्यांना कीबोर्डनं मोडलं नाही. ज्यांना त्या आपली माणसं समजत होत्या त्यांनी तोंडावर हो म्हणून पाठीमागं दगा दिला, हे त्यांच्या मनात बसलं. डबा एकत्र खाणं थांबलं. कुणाची खेचणं थांबलं. ईदला रफिकभाईंनी शिरखुर्म्याचा डबा आणला, त्यांनी हात लावला नाही. आणि आमच्या दारात कॅन मात्र पाऊस पडेपर्यंत येत राहिले. मी ते उचलून आत न्यायचे.

उदगीर नवा जिल्हा होणार, अशी आवई तेव्हा जोरात होती. वत्सलाताईंनी तिकडं बदली मागून घेतली, लोकांना वाटलं आधीच जागा धरून ठेवतायत. तिथूनच त्या रिटायर झाल्या. निरोपाच्या जेवणाला आमच्या खोलीतलं बोलावणं फक्त मला. सुनेला म्हणाल्या, ही सुरेखा, त्या खोलीतलं एक खरं माणूस. मला साडी नेसवली. ती नेसून मी पंगतीत बसले, जेवले, फोटोत हसले.

गेल्या वर्षी त्या गेल्या. मातीला मी नांदेडहून गेले. कुणी कळवलं नव्हतं, तरी रफिकभाई आले होते. दाढी पांढरी झालेली, लांब उभे. सगळं आटोपल्यावर ते माझ्याजवळ आले.

"मॅडम, बाईंनी मला शेवटपर्यंत माफ केलं न्हाई. दर ईदला फोन लावायचो, उचलायच्या न्हाईत. तुमच्याशी बोलायच्या त्या. माझं काय चुकलं, ते कधी म्हणाल्या का?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भोवती कुणी नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "न्हाई रफिकभाई, काही म्हणाल्या न्हाईत."

त्यांनी मान हलवली. "मग माझंच कायतरी चुकलं असंल," म्हणाले, आणि चपला घालून स्टँडकडं चालायला लागले. मी त्यांना जाऊ दिलं.