उताणे उंदीर आणि साहेबांचा सुवास

नववीत शाळा सुटली तेव्हा मास्तर म्हणाले होते, "हिचं विज्ञानाशी काही जमायचं नाही." आता माझं पोट विज्ञानावरच चालतं. खालापूरकडच्या एका प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळते. नांदेडहून इतक्या लांब जाऊन उंदीर सांभाळते म्हणून माहेरी हसतात. उंदरांच्या खोलीला एसी आहे आणि माझ्या खोलीला नाही, हे मी त्यांना सांगत नाही.

नोकरी कंत्राटी, त्यामुळे सदा धाकधूक. त्यावर माझ्याकडे एकच उपाय होता : "हो साहेब."

प्रयोग करणाऱ्या मॅडम कर्जतच्या, डॉक्टरांच्या घरातल्या. मला शेजारी बसवून प्रयोग समजावणाऱ्या त्या पहिल्याच. काही नर उंदरांना त्या रोज मॉर्फिन टोचत, काहींना नुसतं मिठाचं पाणी. मग सगळ्यांना झोपेचं औषध सारखंच. मॉर्फिनवाले जास्त वेळ झोपत.

"औषध मोडून संपवायचं काम यकृताचं," मॅडम म्हणाल्या. "रोज मॉर्फिन मिळालं की ते या कामात मंदावतं. मग झोपेचं औषध अंगात रेंगाळतं. माद्यांमध्ये मात्र एवढा फरक पडत नाही."

पिंजरे धुणारी मावशी भिवपुरीकडची. ती म्हणाली, "मंजे नशेपायी कामचुकारपणा नरालाच सुचतो? मॅडम, आमच्या गावात या. उंदरांना कशाला तरास?"

माझं काम सोपं. झोपलेल्या उंदराला उताणं ठेवायचं आणि बघत बसायचं. तो आपणहून पालथा झाला की जागा झाला.

एकदा मॅडम टोचायचं काम साहेबांवर सोपवून आठवडाभर मुंबईला गेल्या आणि इकडे बाहेरचे पाहुणे यायचं ठरलं. आमचे साहेब उंदरांच्या खोलीत रुमाल नाकाला लावूनच येत. "पाहुण्यांना वास येता कामा नये," ते म्हणाले. पिंजऱ्यात भाताचं तूस अंथरलेलं असे. ते काढायला लावून त्यांनी चार दिवस आधीच खोपोलीच्या वखारीतून देवदाराचा भुसा मागवला. खोली अशी घमघमली की मावशीनं विचारलं, "उंदरांचं लगीन हाय का गं?"

पाहुणे आले ते साहेबांच्या शेजारी ओळीनं उभे राहिले. साहेबांनी मॉर्फिनवाल्यांची लांबलेली झोप दाखवायला घेतली. पण मॉर्फिनवाले मिठाच्या पाण्यावाल्यांच्या बरोबरीनं फटाफट पालथे होऊ लागले. एक जाडा तर थेट पाहुण्यांच्या दिशेनं निघाला.

साहेब माझ्याकडे वळले. "तू हलवलंस त्यांना?"

"हो साहेब."

मी बोटही लावलं नव्हतं. पण जीभ सवयीची.

"बघा, अशी माणसं मिळतात आम्हाला," साहेब पाहुण्यांना म्हणाले. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

मावशी भडकली. "हो कशाला म्हनालीस गं?"

"साहेब म्हणाले म्हणून."

"उद्या म्हनतील तू उंदीर हायस, तर शेपूट हुडकशील?"

दुसऱ्या दिवशी मी उरलेलं सामान न्यायला गेले, तर मॅडम परतलेल्या. दारातच थबकून त्यांनी नाक वर केलं. "हा भुसा कोणी घातला?" मावशीनं सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. देवदाराच्या लाकडातलं तेल यकृताला उलट जुंपतं म्हणे. मंदावलेलं यकृतही धावायला लागतं, झोपेचं औषध भराभर मोडतं. मूठभर भुसा घेऊन त्या साहेबांकडे निघाल्या, मागे मी, माझ्यामागे बादलीसकट मावशी.

"सर, प्रयोग हिनं नाही मोडला. तुमच्या सुवासानं मोडला."

"पण ती स्वतः हो म्हणाली!"

"ती तुम्हाला रोजच हो म्हणते, सर. त्याची शंका तुम्हाला कालही आली नाही."

साहेबांनी रुमाल काढला, नाकाला न लावता घाम पुसला. मग त्यांना वाट सापडली. ते अगदी मऊ आवाजात मला म्हणाले, "भुसा घालू या, असं तूच सुचवलं होतंस ना?"

माझं तोंड सवयीनं उघडलं. त्यात 'हो' तयारच होतं. मागे मावशीनं बादली दाणकन खाली ठेवली.

"नाही साहेब."

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं. तूस घाला परत. आणि तू कामाला लाग."

बाहेर आल्यावर मी मॅडमच्या पाया पडायला वाकले, त्यांनी पडू दिलं नाही. मावशी तुसाचं पोतं ओढत आली.

"धर गं दुसरं टोक," ती म्हणाली. "आपनहून पालथी झालीस बग."