खाऊन दोनशे ग्रॅम कमी

...तर काटेवाल्यांनी सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला, पोरीला खाली उतरवलं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा तिला वर चढवलं. तरी आकडा तोच. अठरा किलो दोनशे! खाण्याआधी हीच पोरगी अठरा चारशे होती. म्हणजे अडीचशे ग्रॅमची वाटी चाटूनपुसून पोटात गेली, आणि पोरगी दोनशेनं उतरली. जेवून उपाशी उठलेली माणसं काटेवाल्यांनी ढिगानं पाहिली होती. जेवून हलकं झालेलं मात्र हे पहिलंच.

"बाबा, काटा बिघडलाय," त्यांची मुलगी दारातून म्हणाली.

"माणूस बिघडतो. काटा बिघडत नाही."

आता काटेवाले आणि त्यांचा काटा पाळणाघरात आलेच कसे, ते आधी सांगायला हवं. काटेवाल्यांनी एकतीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर काढलेली. रिकामी गाडी एकदा चढवायची, भरलेली एकदा, दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ माल. पावती लिहायची, शिक्का मारायचा, पुढची गाडी. निवृत्त झाले आणि मुलीकडे राहायला आले. तिचं पाळणाघर टायरच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर खुंट्या, त्यांवर अकरा पिशव्या, आणि अकराही मुलं तीन ते पाच वर्षांची. पोटं म्हणाल तर कोठारं. साडेतीनला बिस्किट-सरबत व्हायचं आणि पाच वाजेपर्यंत सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे. एकानं लाकडी बदकाची चोच कुरतडून संपवली होती. सहाला मुलांच्या आया फाटकाशी आल्या की अकरा तोंडांतून एकच आरोळी, "भूक!"

हे रोज ऐकून त्या आयांतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. "ताई, तुम्ही मुलांना खायला घालता की नुसतं दाखवता? शुक्रवारपर्यंत बघते. नाहीतर सोमवारपासून आमची लेक समोरच्या पाळणाघरात."

समोर घसरगुंडी होती, टीव्ही होता. आणि डॉक्टरीणबाई गेल्या की बाकीच्या आया त्यांच्यामागं जाणार, एका मेंढराच्या मागं कळप जातो तशा. मग दोन्ही खोल्यांना कुलूपच. मुलीला दुसरा आधार नव्हता. ती रडली नाही, पण त्या दिवशी तिनं एकच खुर्ची चार वेळा पुसली. काटेवाल्यांना ते पाहवलं नाही.

"खाऊचं खातं माझ्याकडे दे," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हाला चहा करता येत नाही!"

"चहा येत नसेल. भरती कशी करायची ते मला विचार."

सोमवारी त्यांनी भंगारवाल्याकडून पोती तोलायचा काटा आणला आणि दाराशी मांडला. मुलांची रांग लावली. "गाडी मधोमध घ्या. चाकं रेषेच्या आत. हलायचं नाही!" मुलांना यापेक्षा भारी खेळ माहीत नव्हता. खाण्याआधी एक वजन, खाल्ल्यावर एक, आणि प्रत्येकाच्या पिशवीत पावती. नियम साधा: निव्वळ माल अडीचशे ग्रॅम भरला की गाडी फुल्ल. कमी भरला तर आणखी एक वाटी.

पहिल्या दिवशी त्यांनी दिलं कलिंगड. का, तर वजनदार! अकराच्या अकरा गाड्या चारशेच्या वर. काटेवाल्यांची छाती फुगली. तासाभरात मोरीपुढे रांग लागली, आणि पाचला सगळं पाळणाघर पुन्हा भुकेनं कोकलत होतं. पालथ्या घड्यावर पाणी!

"अगं, माल वाटेतच गळाला की!" काटेवाले हादरले. मग त्यांना आठवण झाली बर्फाच्या ट्रकची. बर्फ निघतो दहा टन, पोचतो आठ, उरलेला रस्त्यावर. हरभऱ्याचं पोतं मात्र आठ दिवस प्रवास करू दे, जेवढं निघालं तेवढंच उतरतं.

मुलगी हसली, पण तिनंही मान डोलावली. "बाबा, तुम्ही बोलता ट्रकचं, पण ते खरं आहे. नुसतं पाणी आणि साखर टिकत नाही."

मंगळवारपासून वाटीत उकडून ठेचलेले हरभरे, रताळ्याच्या मऊ फोडी, वर घट्ट दही आणि चमचाभर दाण्याचं कूट. अख्खा दाणा एकाला नाही, लहान घशात अडकतो, ही मुलीची सक्त ताकीद. सोबत अर्धं उकडलेलं अंडं, नाहीतर केळं. दहा मुलं सहापर्यंत गप्प. बदकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

राहिली एक, डॉक्टरीणबाईंचीच चार वर्षांची लेक. काटेवाले तिला बाराचाकी म्हणायचे, कारण तशी भरतीची गाडी त्यांनी हायवेवरही क्वचित पाहिली होती. मंगळवारी तिचा निव्वळ माल बरोब्बर अडीचशे भरला, दुसरी वाटी मिळाली नाही, आणि फाटकात ती एकटीच ओरडली, "भूक!" आणि बुधवारी हे आक्रित: उणे दोनशे. नियमानं दुसरी वाटी द्यावीच लागली. पोरगी ती खाऊन समाधानानं ढेकर देत झोपाळ्यावर जाऊन बसली.

"बाबा, ही पावती पिशवीत घालू नका," मुलीनं हात जोडले. "वाटल्यास शून्य लिहा. उणे दोनशे वाचून डॉक्टरीणबाई काय म्हणतील?"

"काटा दाखवेल तेच लिहायचं. खाडाखोड केली तर मी कसला काटेवाला?"

आणि शिक्का मारला, ठप्प!

गुरुवारी मात्र त्यांनी डोळ्यांत तेल घातलं. बाराचाकी अंगणातून येताना नेहमीसारखी उड्या मारत नव्हती. चालत होती पाय फाकून, झोकांड्या खात, मागची बाजू खाली बसलेली. भरती जास्त झालेली गाडी अशीच चालते. काटेवाल्यांनी तिला कोपऱ्यात घेतलं आणि खिसे चाचपले. दोन खिशांत चार गोटे, मोज्यात पाचवा! रिकामं वजन करताना गोटे अंगावर ठेवायचे, खाताना खुर्चीखाली सोडायचे, मग चढायचं काट्यावर. हीच लबाडी मिशा पिकलेले ड्रायव्हर करत आले होते, पण ते शिकायला त्यांना दहा-दहा वर्षं लागली होती. ही दोन दिवसांत तयार! काटेवाल्यांना राग यायला हवा होता. आलं ते हसू. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक म्हणतात, पण इथं चोर चार वर्षांचा.

"काय गं बाराचाकी, दगड कशाला?"

"काट्यानं सांगितलं की वाटी मिळते."

"आणि तोंडानं मागितलं तर?"

"तोंडानं मागितलं की म्हणतात, पाणी पी."

काटेवाले तिच्यासमोर उकिडवे बसले. मग हळूच म्हणाले, "दगड टाक. आजपासून तोंडानं माग. मी देतो."

"आईला सांगणार?"

"नाही."

त्या दिवशी तिनं दोन वाट्या मागितल्या, दोन्ही मिळाल्या, तिसरी निम्मी सोडली. वाटीत खाऊ सोडण्याची तिची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. संध्याकाळी फाटकात ती आईच्या बोटाला धरून चिमणीबद्दल बडबडत निघून गेली. शुक्रवारीही तसंच.

पण शुक्रवारी डॉक्टरीणबाई फाटकातून हलल्याच नाहीत. हातात बुधवारची पावती. मागं बाकीच्या आया.

"ताई, हे काय आहे? माझी मुलगी खाण्याआधी अठरा चारशे, खाल्ल्यावर अठरा दोनशे! दोनशे ग्रॅम मुलगी गेली कुठे?"

"माझा मुलगा त्याच दिवशी तीनशेनं वाढलाय," मागून एक आई घाबरून म्हणाली. "तुमचं आमच्यात तर नाही ना आलं?"

"त्यात कालपासून ही भूक म्हणत नाही. घरी येते, चित्र काढत बसते. जेवायला हाक मारली तर येते, पण तुटून पडत नाही. वजन उतरलं, भूक मेली! कसला घोळ आहे हा? मी सोमवारी हिला पाठवणार नाही."

काटेवाल्यांच्या मुलीचा चेहरा पांढराफटक. तिनं वडिलांकडे पाहिलं. बाराचाकीनंही पाहिलं, आईच्या पदराआडून, डोळे विस्फारून. काटा चुकला म्हणावं, तर ते खोटं. दगडांचं सांगावं, तर चार लोकांत पोरीची अब्रू जायची. काटेवाले पुढे झाले, पावती हातात घेतली, शिक्का आपलाच आहे ना ते पाहिलं आणि ती बाईंना परत दिली.

"बाई, आकडा बरोबर आहे, तो मी बदलणार नाही. बुधवारी तुमची गाडी काट्यावर चढली तेव्हा तिच्यात दुसराच माल होता, तो इथं उतरला. कसला होता ते गाडीनं मला विश्वासानं सांगितलंय, आणि गाडीचं गुपित मी मालकाला सांगत नसतो. राहिली भूक, तर ती मेलेली नाही, पोरीचं पोट भरलंय. तुम्ही तिला पोट भरलेली कधी पाहिलीच नव्हती, म्हणून ओळखलं नाहीत, एवढंच. सोमवारी तिला पाठवा, आणि साडेतीनला तुम्हीही या. तुमची वाटी तयार ठेवतो. वजन नाही करणार, घाबरू नका."