मिलिंदच्या वहीतलं उजवं पान

मिलिंद गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीतल्या ऑफिसात त्यानंच रचलेल्या कंप्युटरच्या भाषेत काम करत होतो. साहेब म्हणाले, "अरेरे, हुशार होता बिचारा." बिचारा! जिवंतपणी हाच माणूस त्याला चक्रम म्हणायचा. महिना झाला, पण तो शब्द अजून डोक्यात जातो.

मिलिंद मोहोळचा. कारखान्यांचे जुनेपुराणे प्रोग्राम सुधारणं हे आमचं दोघांचं काम. लिहिणारे कधीच सोडून गेलेले, हातानं बदलताना जीव नकोसा व्हायचा. म्हणून त्यानं एक छोटी भाषाच तयार केली, रफू. तिच्यात नुसते नियम लिहायचे: असा मजकूर दिसला की काढ, त्याजागी तसा घाल. हजारो ओळींचा प्रोग्राम ती आपली आपण वाचून बदलायची. त्याची एक खोड होती. प्रत्येक नियम आधी वहीत... डाव्या पानावर बदल, उजव्या पानावर तो बदल उलटा फिरवणारा नियम. मी वैतागायचो. तो म्हणायचा, "लेका, काढायला अक्कल लागत न्हाय. परत कसं आणशील ते आदी सांग की."

पुढं रफू एका मोठ्या कंपनीला विकायची ठरली आणि तिच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावरचं 'रचना: मिलिंद' साहेबांना खुपायला लागलं. मिलिंद भांडला, नोकरी सोडून गेला. नाव पुसायचं काम माझ्याकडे आलं. तीन ओळींचा नियम, तोही रफूतच लिहिला! जुन्या प्रतीसुद्धा मीच पुसल्या. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, दुसरं काही कारण नव्हतं. मिलिंदला कळलं तेव्हा तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "उजवं पान लिहिलंस का?"... मी हसण्यावारी नेलं.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. "भावजी, पोरीला तिच्या बापाचं नाव दाखवायचंय. कंप्युटरात कुटं हाय ते तेवढं काढून द्या की." मी मान डोलावली. कुठल्या तोंडानं सांगणार होतो? रफू आता परक्यांची. आम्ही ती नुसती वापरतो, तिच्या आत हात घालायची आम्हाला मुभा नाही.

काल वहीतल्या शेवटच्या कोऱ्या डाव्या पानावर मी माझ्या त्या तीन ओळी लिहिल्या, खाली स्वतःचं नाव घातलं. मग पेन घेऊन उजव्या पानासमोर बसून राहिलो... ते अजून कोरंच आहे. आणि वहिनींचा आज दोनदा फोन येऊन गेला.