दुसऱ्या हाताची सवय

गिऱ्हाईक बसण्याआधी खुर्ची झटकायची. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचं. गिऱ्हाईक राजकारणावर घसरलं की "मान खाली" म्हणायचं. दुकान बंद करून, कुणी बघत नसताना स्वतःच्या केसांना कलप लावायचा. मित्राच्या वडिलांच्या, म्हणजे काकांच्या, सलूनमधल्या या सवयी मला शाळेत असल्यापासून ठाऊक होत्या.

कलपाला कारण होतं. मित्र जन्मला तेव्हा काका पंचावन्नच्या पुढे होते. ते शाळेच्या फाटकाशी दिसले की मुलं ओरडायची, "अरे, तुझे आजोबा आले!"

विशीत मित्राला आवाज ऐकू येऊ लागले. आरशातला माणूस आपल्याला धमकावतो, असं तो सांगायचा. काकांनी घरातल्या आरशांवर टॉवेल टाकले. डॉक्टर म्हणाले, "वडिलांचं वय जास्त असलं तर धोका थोडा वाढतो. पण तेवढंच कारण नसतं. यात दोष कुणाचाच नाही." काकांच्या कानात पहिलं वाक्यच राहिलं.

"माल जुना होता," ते मला म्हणाले आणि हसले. मला हसता येईना.

औषधांनी मित्र बराच सावरला. पण चेहऱ्याला हात लावू द्यायचा फक्त वडिलांना. दुसरं कुणी जवळ गेलं की भिंतीला पाठ लावून थरथरायचा. आणि काकांचा हात आता कापू लागला होता.

"मी गेल्यावर याच्याजवळ कुणालातरी जाता आलं पाहिजे," ते म्हणाले. "तू शिक. साहित्याची पदवी घेतलीस ना? म्हणजे हात रिकामेच असतील."

आधी नुसता फेस लावायला शिकवलं. मग वस्तरा माझ्या हातात आणि माझं मनगट त्यांच्या मुठीत. मित्र डोळे घट्ट मिटून बसायचा.

"बाबा, तुम्हीच ना?"

"मीच रे राजा. हलू नकोस."

ते खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

त्या सकाळी उजवा गाल नीट झाला. आम्ही डावीकडे वळलो.

"आता मी मूठ सैल करतो," काका माझ्या कानाशी पुटपुटले. "तू थांबू नकोस."

मूठ सैल झाली. मग सुटलीच. मागे स्टूल आपटलं. काका फरशीवर पडले होते. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती.

"बाबा?" मित्राने विचारलं. त्याचे डोळे अजून मिटलेले होते.

वस्तरा माझ्या हातात होता. त्याच्या डाव्या गालावर फेस सुकत चालला होता.