मृत्यूचं कारण: दीदी

आमच्या बालअतिदक्षता विभागात रबरी बाहुल्यावर सराव घ्यायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, झालं, आता एवढंच बाकी होतं. बाहुला दिल्लीहून आला. त्याला नाडी होती, श्वास होता, आणि त्याला उकडू नये म्हणून आम्ही दोन उन्हाळे ज्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज करत होतो तो एसी दोन दिवसांत दुरुस्त झाला.

पहिल्याच सरावात बाहुल्याचं हृदय थांबलं. मी छाती दाबत ओरडले, "दीदी, एड्रेनालिन दीजिए!" खोलीत तीन नर्स होत्या. बनारसमध्ये नर्सला दीदीच म्हणतात, म्हणजे तिघीही दीदी. प्रत्येकीला वाटलं, दुसरीला सांगितलंय. तिघी अदबीनं एकमेकींकडे बघत राहिल्या आणि बाहुला गेला.

मग गुणवत्ता सुधार समिती बसली. चहा, समोसे, भिंतीवर तक्ता. मृत्यूच्या कारणापुढे मी 'आदर' लिहिणार होते, पण अध्यक्षच फार आदरणीय होते. ठरलं काय, तर यापुढे हाक नावानंच मारायची. त्यासाठी गळ्यात बिल्ले आले, तर प्रत्येक नावापुढे 'दीदी' छापलेलं. बाईमाणसाचं नुसतं नाव कसं छापायचं, असं छापणाऱ्याला वाटलं म्हणे.

हसले मी, पण मला तरी कुठे जमत होतं? इथल्याच रामघाटावरच्या आमच्या मराठी घरात थोरल्यांना नावानं हाक मारली की पाठीत धपाटा ठरलेला. आणि आमच्या सगळ्यांत ज्येष्ठ नर्स तर माझ्या आईच्या वयाच्या. दर सरावात माझी जीभ अडायची आणि बाहुला बिचारा पुन्हा मरायचा.

एका दुपारी न्यूमोनिया झालेली तीन वर्षांची मुलगी आली. श्वासनळीत नळी घालताना तिचं हृदय थांबलं. मी छाती दाबायला लागले. दारात तिची आई उभी होती. मी "दीदी" म्हटलं मात्र, तिघींचे चेहरे एकदम माझ्याकडे वळले, आणि मी मनापासून भ्याले. त्या ज्येष्ठ नर्सचं नुसतं नाव घेऊन मी किंचाळले. नावात 'ज्ञ' होता. इथे त्याला सगळे 'ग्य' म्हणतात. माझ्या तोंडून घरचा 'द्न्य' निघाला.

"दे दिया," त्या म्हणाल्या, तोवर औषध गेलंही होतं. थोड्या वेळानं ठोके परत आले. मुलगी वाचली.

नंतर मी माफी मागायला गेले. त्या हात धूत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "नाम तो आपने ग़लत लिया, डॉक्टर साहिबा. मगर पहली बार लगा, हमीं को बुलाया है."